उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे

माझ्या सुनेला दुकानात सगळे ‘मीटर’ म्हणतात. कापडाच्या मोठ्या दुकानात ती नऊ वर्षं माप घ्यायला उभी आहे. पट्टी लावायच्या आधीच नुसत्या नजरेनं सांगते, “हा तुकडा सव्वादोन भरेल, तुम्हाला पुरायचा नाही.” मग पट्टी लावली की सव्वादोनच. तोंडाची गोड नाही, पण मापाची खरी आहे, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याचपुढे रांग लावतात. घरात आली तेव्हा मला वाटलं, ही बोलत का नाही? आता कळतं, दिवसभर उभं राहून आलेल्या माणसात बोलायचं बळच उरत नसेल.

रागात लिहू नये, देवापुढे दोन घटका बसून मन शांत करावं आणि मग वही उघडावी, हा माझा शिरस्ता. दोनदा बसले, दोनदा उठले. तेव्हा आज रागातच लिहिते. देवाला काय ते दिसतंच आहे.

तर त्या दुकानाचा नियम असा, की माल दाखवणाऱ्या मुलींनी बसायचं नाही. गिऱ्हाइकाला आळस दिसतो म्हणे. काउंटरच्या पुढे गिऱ्हाइकांसाठी उंच गोल स्टुलं आहेत, लाल गादीची, सात. काउंटरच्या मागे चार मुली आणि बसायला जमीन. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत.

सुनेला सातवा लागला आणि तिचे पाय सुजले. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळेना. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. या कुशीवरून त्या कुशीवर, मग उठून बसायची, मग पुन्हा आडवी. आणि मी काय म्हणावं? “उभ्यानं कामं करणाऱ्या बायका सुखरूप सुटतात. अंग हलतं राहतं. आमच्या वेळी तर...” ‘आमच्या वेळी’ म्हटलं की या घरात पुढचं कोणी बोलत नाही. तो धाक मीच घातलेला. त्याची लाज मला तपासणीच्या दिवशी वाटली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “झोप लागते का?”

सून म्हणाली, “लागते. दुकानात, उभ्या उभ्या. आडवी झाले की उडते.”

“व्यायाम काय करता?”

मीच मध्ये तोंड घातलं. “होतो की! दहा दहा तास पायांवर असते.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “आजी, उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. खांबही उभाच असतो, त्याला कोणी पैलवान म्हणत नाही.”

मग त्यांनी नीट समजावलं. रोज अर्धा तास चालायचं, पण बोलता बोलता चालता येईल इतकंच, दम लागेल असं नाही. एका जागी तासन्‌तास उभं राहायचं नाही. तासातासाने बसायचं, पाय उचलून ठेवायचे, घोटे गोल फिरवायचे. झोपताना कुशीवर, डाव्या कुशीवर झालं तर उत्तम, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं, मालकांना दाखवायला.

मालकांनी कागद हातात घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा वाचला. “‘रोज अर्धा तास चालणे, हलका व्यायाम चालेल.’ झालं की मग! काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतेसच ना? माझी लेक याच व्यायामाला क्लास लावून जाते. तुला फुकटात!” पहिली ओळ वाचली, कागद घडी करून परत दिला. खालच्या चार ओळी त्यांना दिसल्याच नाहीत. एरवी बोटभर कापड जास्त गेलेलं त्यांना दुकानाच्या दारातून दिसतं.

घरी चिरंजीव म्हणाले, “आई, जाऊ दे ना. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. उगाच काढून टाकतील.”

“दोन महिने तू उभा राहा,” मी म्हटलं. “जेव उभ्यानं, झोप उभ्यानं. मग मला सांग जाऊ दे.”

त्यावर हे महाशय पाय ताणून पाच मिनिटांत घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी दुकानात गेले. सुनेपुढच्या स्टुलावर बसले, मग उठले, स्टूल उचललं आणि काउंटरला वळसा घालून तिच्यामागे ठेवलं. “बस. मला पडद्याचं कापड दाखव, पण बसून दाखव.”

“आई, काय करताय? उठा, जा ना घरी,” ती दातातल्या दातात म्हणाली.

मालक आलेच. “मावशी, ते स्टूल गिऱ्हाइकाचं आहे.”

“मी गिऱ्हाईकच आहे. तुमच्या भिंतीवर पाटी आहे ना, ग्राहक हाच देव? मग देवाला वाटतंय हिनं बसावं.”

शेजारची एक बाई फसकन हसली. मालक हसले नाहीत. सून बसली, पण अशी, की जणू स्टुलाला काटे आहेत.

रोज तीन वाजता जाऊन मी अर्धा तास कापडं पाहिली. घेतलं काय, तर एक उशीचा अभ्रा होईल एवढं. चौथ्या दिवशी मालकांनी विचारलं, “मावशी, तुम्ही हिच्या कोण?”

“गिऱ्हाईक.”

पाचव्या दिवशी काउंटरवर सून नव्हती. तिला वरच्या मजल्यावर तागे रचायला पाठवलं होतं. बेचाळीस पायऱ्या. “चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? जिना आहे,” मालक मला म्हणाले, आणि मला जे उत्तर सुचलं ते या वहीत लिहिण्याजोगं नाही. त्या दिवशी सून तो जिना सहा वेळा चढली-उतरली. माझ्यामुळे!

रात्री ती मला म्हणाली, “तुम्ही उद्या येऊ नका. अर्धा तास तुम्ही बसवाल. उरलेल्या साडेनऊ तासांचं काय?”

मी गेले नाही. पुढचं मला काउंटरवरच्या तिच्या शेजारच्या मुलीनं सांगितलं, सून कुठली सांगायला.

एका शाळेची माणसं गणवेशाचं कापड घ्यायला आली. तीनशे मुलांचं. म्हणाली, “मीटरबाई कुठे आहेत? मागल्या खेपेला दुसऱ्यांनी मापलं आणि वीस मुलांना कापड कमी पडलं.” मालकांनी वर हाक मारली. सून कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आली. पट्टी उचलली. मग पट्टी खाली ठेवली, शाळेच्या माणसाशेजारचं रिकामं स्टूल ओढून आत आणलं आणि बसली.

मालक म्हणाले, “बसून माप चुकेल.”

“बोटभर चुकलं तर उद्यापासून येणार नाही,” ती म्हणाली. “आणि उभी राहा म्हणालात तर आत्ताच जाते.”

शाळेची माणसं मालकांच्या तोंडाकडे पाहत होती. मालक ताग्याकडे पाहत होते. तिनं मापायला सुरुवात केली. मध्येच मालकांनी स्वतः एक तुकडा पुन्हा मापून पाहिला, मग दुसरा पाहिला. बोट सोडा, दोऱ्याचाही फरक नव्हता.

संध्याकाळी त्यांनी तिला बाजूला घेतलं. “बस तू. पण बाकीच्यांना काही बोलू नकोस, गप्प बस.”

ती म्हणाली, “गप्प बसून नऊ वर्षं झाली. आता नुसती बसते.”

उपकार केल्यासारखं एक स्टूल! म्हणजे पोट दिसायला लागेपर्यंत बाईचे पाय दुखत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाकी तिघींच्या पोटऱ्या लोखंडाच्या असाव्यात. देवा, सगळ्यांचं भलं कर, हे मी रोज म्हणते. या माणसाशी आले की जीभ अडते, काय करू?

तिघींना तिनं त्याच दिवशी सांगितलं. काल दुकानात जाऊन पाहते तो गिऱ्हाइकांपुढची चार स्टुलं काउंटरच्या मागे, आणि चौघी त्यांच्यावर. पुढे तीनच उरली. चार-पाच गिऱ्हाइकं उभ्यानं कापड बघत होती. दोघीतिघींनी नाकं मुरडली, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बरं आहे, तेवढेच पाय मोकळे होतात.” मालक गल्ल्यावरून बघत होते.

कापड विकलं जात होतं. कोणी मेलं नाही.