कोरडं घर

"हात लाव गो भिंतीला. ओली आहे की नाही, तूच सांग."

मांडवीला आमच्या शेजारच्या काकूंकडे कुणीही गेलं, की चहाच्या आधी हे. पोस्टमनचीही सुटका नव्हती. हात लावून "ओली आहे हो काकू" म्हटलं, की त्यांचं समाधान व्हायचं आणि मग चहाचं आधण चढायचं.

अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. चांगलं चिऱ्याचं कौलारू घर, पण काकूंच्या मुंबईच्या मुलाला स्लॅब हवा होता. त्यासाठी कर्ज काढायचं म्हणून घर त्याच्या नावावर झालं. गणपतीच्या आत उरकायचं म्हणून भर श्रावणात, वर ताडपत्री धरून स्लॅब ओतला. ठेकेदार उतार द्यायला विसरला, पैसे घ्यायला विसरला नाही. पुढच्या पावसात देवघराच्या भिंतीवरून पाणी उतरलं.

मुलाने उपाय काढला. "आई, हे राहण्यासारखं उरलं नाही. विकू, तू इकडे ये." गिऱ्हाईकं येत, पोपडे बघत आणि परत जात.

काकूंना तिथेच राहायचं होतं. गळती थांबली की मुलाचं बोलणं थांबेल, एवढंच त्यांनी धरलं आणि काकांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनमध्ये परवडेल असा माणूस शोधायला लागल्या. एक गवंडी बघून गेला तो आंब्याच्या फवारणीलाच लागला. दुसऱ्याने डांबर फासलं आणि फोन उचलणं सोडलं. शेवटी पूर्णगडचा एक मिळाला. हात चांगला, मजुरी कमी. फक्त तो मूळचा खलाशी. मासेमारी बंद असली की गवंडी, म्हणजे ऐन पावसात मोकळा! छत्री घेऊन यायचा, गळणाऱ्या स्लॅबखाली बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "काकी, पाऊस थांबूंदे, लगेच करून टाकू."

पाऊस थांबला की हा समुद्रात. आम्ही हसायचो. बादली सरकवता सरकवता काकूही हसायच्या.

मग एका थंडीत त्याच्या बोटीचं इंजिन बिघडलं. त्याच्या पोटावर पाय आला, काकूंनी मात्र देवापुढे साखर ठेवली. त्याने स्लॅबला उतार दिला, वर पत्र्याची शेड चढवली. त्या पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. काकूंनी घरभर चुन्याचा हात फिरवून घेतला.

गणपतीला मुलगा आला. भिंतींवरून हात फिरवून खूश झाला. "वा आई! आता भाव चांगला येईल."

त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. काकू मोदकांची उकड मळत राहिल्या. मुलाशी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. घर पुण्याच्या एका माणसाने घेतलं आणि दिवाळीनंतर काकू मुलाच्या गाडीत बसून गेल्या.

यंदा भर पावसात डोंबिवलीहून त्यांचा फोन आला.

"पाऊस आहे का गो?"

"ओततोय नुसता."

"घर गळत नाही ना?"

"नाही हो काकू. शेड भक्कम आहे."

"राहतं कोण?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही. "कुणी नाही. कुलूप असतं."

पलीकडे टीव्ही चालू होता.

"गळू द्यायला हवं होतं गो," त्या म्हणाल्या.