कुंभिवलीचा एक गुण

आम्ही नवराबायकोनं शेवटचं एकत्र काय केलं, तर भिजवलेले वाल सोलत अमेरिकेचा फुटबॉल बघितला.

लेक तिकडे असते. नातवाच्या शाळेच्या सामन्याचा व्हिडिओ तिनं पाठवला होता. नाव फुटबॉल, पण चेंडू पपईसारखा आणि तो हातात धरून पळायचं. डोक्याला टोप, खांद्याला गाद्या. एवढं बांधून आमच्याकडे माणूस फार तर मधाचं पोळं काढायला जाईल.

नातवाच्या संघातला एक गडी खेळ सोडून चालल्यासारखा, मान खाली घालून कडेच्या रेषेकडे निघाला. त्याच्याकडे कुणी बघेना. तेवढ्यात चेंडू त्याच्याकडेच फेकला आणि हा एकटाच पळत सुटला. पंचानं लगेच पिवळा रुमाल टाकला. गुण रद्द! लेकीनं बोलून पाठवलं होतं, की एकीकडे बघून दुसरीकडे फेका, सगळं चालतं. पण बाहेर चाललोय असं सोंग करून फसवायचं नाही, असा नियमच आहे.

हिचे वाल थांबले. "बघितलंत? याला म्हणतात पंच."

गाडी कुठे वळणार ते मला कळलं. मी चौथी शिकलेला, पण कबड्डीचा पंच म्हणून तालुक्यात पंचवीस वर्षं शिट्टी फुंकली. आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या साली चौक गावाच्या बाजूला फायनल होती. चढाईला आलेला गडी पायात गोळा आला म्हणून "आई गं" करत बसला. हिच्या माहेरच्या, कुंभिवलीच्या ज्या गड्यानं त्याचा घोटा धरला होता, तो हिचा सख्खा भाऊ. त्यानं दया येऊन हात सोडला. गोळेवाल्यानं उडी मारून मधली रेष गाठली.

कबड्डी-कबड्डी म्हणायचा दम तुटला, की चढाईवाला बाद. "आई गं" हा काही दम नव्हे. पण चषक देणारे पुढारी माझ्या पाठीमागेच खुर्चीत, आणि गोळा त्यांच्याच पुतण्याच्या पायात. मी म्हटलं, दम चालू होता. कुंभिवली एका गुणानं हरली. निःपक्षपाती पंच म्हणून पुढाऱ्यांनी मला नारळ दिला. हिनं त्या नारळाची चटणीसुद्धा केली नाही.

"आता तरी बोला, दम तुटला व्हता."

"चाळीस वर्षं झाली गं."

"मग चाळीस वर्षांत एकदा बोलायचं व्हतं."

"उद्या सांगतो. पंचाला विचार करायला टाईम लागतो."

"त्या रुमालवाल्याला नाय लागला त्यो." हसली, आणि वालाची सालं माझ्याच अंगावर झटकली.

पहाटे हाक मारली तर उठली नाही. आधी वाटलं, सोंग करतेय. हलवलं. मग शेजाऱ्यांना बोलावलं.

सकाळी मेव्हणा आला, काठी टेकत. अंगण भरलेलं. पुढारीही आले होते, पांढऱ्या कपड्यांत. त्यांना मयतीसाठी वेगळे कपडे घालावे लागत नाहीत. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मेव्हण्याला म्हटलं, "दम तुटला व्हता. गुण तुमचा."

"कुठला गुण, दाजी?"

याला आठवतसुद्धा नव्हतं. एवढी वर्षं त्याचं भांडण ही एकटीच भांडत होती.

"गोळा आला व्हता, त्याचा," मी म्हटलं. आणि तिच्या पायाशी उभा राहून, पंच देतो तसा, हात कुंभिवलीच्या बाजूला लांब केला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दोघातिघांनी धरून मला खाली बसवलं. हात मी खाली घेतला नाही.