साखर नव्हती, तरी सोयरीक जमली

सगळ्यात आधी मुलाची आत्याच आली बघा. वहाणा काढायच्या आधी विचारते, "मुलगी कुठाय?" तिच्यामागून मुलगा, त्याचे आईवडील, आणि न सांगता आणखी चौघं!

बायांनो, आज आमच्या नातीला, मंदाला बघायला सटाण्याची माणसं आली होती. वाचून झाली की ही चिठ्ठी शेजारी द्या. तर रेशनची साखर संपलेली, बाहेरचा भाव तुम्हाला माहीतच. वाण्याने कालच पुन्हा वाढवला. विचारलं तर म्हणतो, "आजी, मी खातो का ती?" असो.

डब्यात साखर जेमतेम तिघांपुरती. मग मी गूळ घेतला आणि घाईघाईत उकळत्या दुधातच टाकला. सगळा चहा फाटला! मंदाला मुलगा आवडला होता हो, ती रडायलाच लागली. मला वाटलं, गेलं स्थळ.

तेवढ्यात मुलाची आई पदर खोचून आत. पातेल्यात बघून हसतच सुटली. "आजी, गूळ आधी उकळायचा, खाली उतरवून मग दूध. आमच्याकडं दोन महिने हाच चहा हाय. तुम्ही आमच्या घरी आल्यावर काय पाजू, याचाच मला लय घोर होता!"

चहा तिनेच केला, आणि पसंतीही तिथेच स्टोव्हपाशी सांगून टाकली!

वर म्हणते, साखरपुड्याला पुड्यात गूळच घालू. चालतं ना गं? तुमच्यात कुणी घातलाय का? लवकर सांगा, येत्या रविवारी येतो म्हणालेत.