कुबडवाल्या माशीचा फोटो

माझे मामा-मामी मिळून फोटो स्टुडिओ चालवत. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो. मामांनी गिऱ्हाइकाला बोलतं करायचं आणि मामीने नेमक्या क्षणी बटण दाबायचं. रडकं पोर असो की ताठ मानेचा साहेब, मामा दोघांनाही सारखंच हसवत.

मग मामांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडलं. शब्द आत असायचा, पण ओठांवर यायचा नाही. भेटायला आलेल्यांसमोर त्यांचं अर्धं वाक्य मामीच पुरं करी. मायेनेच करी, पण मामा आणखी मिटत गेले. पुढे तर त्यांनी प्रयत्नच सोडला.

स्टुडिओच्या मागे चिंचोळं अंगण होतं. तिथल्या भिंतीवर निळ्या फुलांचा वेल चढलेला. ऊन आलं की मामी त्यांना खुर्चीत बसवून पुढे दुकान बघायची.

एका सकाळी खुर्ची आपटल्याचा आवाज आला. मामी धावत गेली. मामा डाव्या हाताने वेलाकडे बोट दाखवत होते. फुलावर वाटाण्याएवढा एक किडा बसला होता. पाठीला भलंमोठं कुबड, पोट फुग्यासारखं, आणि डोकं जेमतेम मोहरीएवढं.

"अगंबाई! ही तर डोकं घरीच विसरून आली," मामी म्हणाली.

मामा खो खो हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. ते हसू थोडं टिकावं म्हणूनच तिने कॅमेरा आणून फोटो काढला.

किड्यांची हौस असलेल्यांच्या एका ग्रुपवर मी तो फोटो टाकला. कुणी म्हणालं मधमाशी, कुणी म्हणालं भुंगा. एकाने तर फोटो बनावट असल्याचं ठोकून दिलं. मामी भडकली. "न विचारता कुणाच्या फोटोतली साधी मुरमाची पुटकुळीसुद्धा पुसली नाही मी आजवर!"

दोन दिवसांनी, ग्रुपवरून नंबर मिळवून, एका बाईंनी मामीला फोन केला. त्या कीटकांच्या एका संग्रहालयात माश्यांचाच अभ्यास करत.

"ताई, ही माशी आहे. हिची अळी कोळ्याच्या अंगात शिरते आणि त्याला आतून खाऊन वाढते. या घराण्यातल्या माश्या क्वचितच दिसतात. पण नेमकी जात सांगायची तर पंखांवरच्या शिरा दिसायला हव्यात. तुमच्या फोटोत पंख नुसते चमकताहेत. एखादी पकडून पाठवता येईल?"

फोन स्पीकरवर होता. मामीने मामांकडे पाहिलं. मामांनी मान जोरात हलवली. नाही.

"आमच्या यांचा नकार आहे," मामी म्हणाली. "पण शिरा मोजता येतील असा फोटो दिला तर?"

"तर प्रयत्न करू. खात्री मात्र देत नाही हं."

मामी कामाला लागली. चष्मेवाल्या गिऱ्हाइकाच्या काचेवर समोरून फ्लॅश मारला की डोळे दिसत नाहीत, नुसता झगझगाट दिसतो. पंखांचंही तेच झालं होतं. उजेड मागून यायला हवा. ऊन मागून पंखांवर परतवायला तिने पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा कापला. पण कॅमेरा तिच्या हातात, मग तुकडा धरायचा कुणी? तिने मामांची खुर्ची वेलाला भिडवली, बोटं जेमतेम मिटू लागलेल्या त्यांच्या उजव्या हातात तो दिला आणि हात मांडीवर टेकवला.

"हलवू नका म्हणत नाही. जमेल तेवढा धरा."

बरेच दिवस माशी फिरकलीच नाही. एकदा आली, तर मामांचा हात थरथरला आणि ती उडाली. मामांनी डोळे मिटले. मामी म्हणाली, "अहो, तिला एवढंसं डोकं. उद्यापर्यंत विसरेल ती!"

दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात ती परत आली. थर्माकोलवरचं ऊन पंखांतून आरपार गेलं आणि या वेळी तुकडा हलला नाही.

फोटोत शिरा झाडाच्या वाळक्या पानातल्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या. बाईंनी त्या जुन्या रेखाटनांशी ताडून पाहिल्या, परदेशातल्या एका जाणकारालाही दाखवल्या. मग त्यांचा फोन आला तेव्हा आवाजच बदललेला होता. या जातीचे संग्रहालयात टाचणीला टोचलेले चारदोन नमुने होते, तेही किडीने खाल्लेले. गेल्या कित्येक वर्षांत ती कुणाला दिसलीच नव्हती. जिवंत माशीचा फोटो तर कुणाकडेच नव्हता.

बाई स्वतः भेटायला आल्या. मामांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "काका, तुम्ही रोज या वेलासमोर बसता. ही माशी अंडी कुठे घालते?"

मामांचं तोंड उघडलं, अडलं. मामी सवयीने पुढे सरकली. बाईंनी हातानेच तिला थांबवलं आणि त्या मामांच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या.

"वा... वाळ... वाळक्या काडीवर," मामा म्हणाले. "काळी. खस... खसखस. खूप."

बाईंनी त्यांनी दाखवलेली काडी भिंगाखाली धरली. काडीभर काळी, बारीक अंडी. "काका, हे अजून कुठल्याही पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. मामांचे कान लाल झाले.

पुढे बाईंच्या लेखात फोटोखाली मामीचं नाव आलं आणि अंड्यांच्या नोंदीखाली मामांचं. मामी सांगते, त्यापेक्षा मोठी गोष्ट पुढल्या मोसमात घडली. ती आत भांडी विसळत होती. अंगणातून बोलणं ऐकू आलं. मामांनी स्वतः फोन लावला होता.

"मॅडम... आल्या. परत आल्या माश्या. तुम्ही... तुम्ही या."

वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. मामीने नळ बंद केला आणि दाराआड उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकलं.