वाकलेला ओळंबा

धाकट्या साडूंना देखरेखीची भारी हौस. स्वयंपाकघराची भिंत त्यांची, बांधणारे गवंडी म्हणजे त्यांचेच थोरले साडू, मग काय, चहाचा कप घेऊन ते मधेमधे फिरत होते. फिरता फिरता ताणलेल्या दोरीत पाय अडकला. दोरी गेली, चहा गेला, आणि विटांच्या ओल्या थरावर साडू स्वतः बसले.

थोरल्यांनी दोरी पुन्हा बांधली आणि मागे सरकून पाहिली. मधे पोट आलंय म्हणाले. धाकट्यांनी ओशाळून ती आणखी आवळली. तरी पोट होतंच. पोट माझं असेल, दोरीचं नाही, असा विनोदही त्यांनी करून पाहिला. थोरले हसले नाहीत. त्यांनी ओळंबा सोडला. खाली वजन लोंबणारी दोरी वाकेल कशी? पण त्यांना ती वाकलेली दिसत होती. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. एका डोळ्याला दोरी सरळ दिसली, दुसऱ्याला वाकलेली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर आधी कोंबड्यांची चौकशी केली. धाकट्यांना वाटलं, बाईंचंच काहीतरी बिनसलंय. पण थोरल्यांची उमेदीची वर्षं कोंबड्यांच्या शेडमध्ये वाळकी विष्ठा खरवडण्यात गेली होती, तीही नाकाला फडकं न बांधता. त्या धुळीतली बुरशी श्वासातून फुप्फुसात आणि तिथून डोळ्यांच्या पडद्यामागे गेली असावी, असं बाई म्हणाल्या. जुने व्रण वर्षानुवर्षं गप्प होते. आता एकाशेजारी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरत होत्या, नेमक्या नजरेच्या मध्यावर. बुरशीच्या औषधाचा आता उपयोग नाही. गळती थांबवायला डोळ्यातच इंजेक्शनं घ्यायची, पुन्हा पुन्हा. गेलेली नजर किती परत येईल, सांगता येत नाही. विडी बंद. आणि व्रण दुसऱ्या डोळ्यातही आहेत, तेव्हा रोज एकेक डोळा झाकून सरळ रेषा बघत जा.

सुई टोचून घेतली थोरल्यांनी, घेरी आली धाकट्यांना.

दोन इंजेक्शनं झाली, तरी त्या डोळ्याने बायकोचा चेहरा मधोमध पुसलेलाच दिसे. थोरले दिवसभर न्हाणीघराच्या दारात बसून फरश्यांच्या रेघा न्याहाळत, एक डोळा झाकून, मग दुसरा. बायकोने विड्या लपवल्या होत्या. त्यांनी त्या मागितल्यासुद्धा नाहीत, तेव्हा ती खरी घाबरली आणि तिने धाकट्यांना बोलावून घेतलं.

धाकटे शेजारी टेकले. चांगल्या डोळ्याची मनसोक्त तारीफ केली, हळूहळू फरक पडेल म्हणाले, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "अहो, माणसाला एक डोळा पुरतो."

थोरल्यांनी फरशीवरची नजर काढली नाही.

"मग तुझा एक दे."