ओटाकाकूंची भांडी

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! आज लॅपटॉप घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "विंडोज होम देऊ की प्रोफेशनल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ओटा कुठलाही द्या, भांडी वेगळीच घ्यावी लागतात ना?" तो बघतच राहिला. त्याला काय माहीत आमच्या ओटाकाकू!

पंचवटीत भाजीबाजारामागच्या गल्लीत काकूंचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे काय, त्यांच्या घराची पुढची खोली, दोन कॉम्प्युटर आणि त्यांवर जुन्या साडीची कव्हरं. चपला बाहेर काढायच्या. कुणी विचारलं, "काकू, धुळीने व्हायरस येतो का हो?" तर म्हणायच्या, "व्हायरसचं माहीत नाही बाई, लादी मला पुसावी लागते!"

काहीही शिकवायचं असू दे, काकूंची गाडी स्वयंपाकघरातूनच निघायची. "हे बघा, विंडोज म्हणजे ओटा. होम म्हणजे छोटा, प्रोफेशनल म्हणजे मोठा, ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची जास्त सोय असलेला. पण ओटा कितीही मोठा बांधा, त्यावर कुकर उगवतो का? वर्ड, एक्सेल ही भांडी. ती वेगळी आणायची." आम्ही नुसतं खिदळायचो. लक्ष कोण देतंय!

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला. ताईने हट्टाने प्रोफेशनल घेतलं. नावच प्रोफेशनल, म्हणजे ऑफिसचं सगळं आत असणारच, नाही का? आणि दोनच दिवसांत तिला अंबडच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं! आयुष्यातली पहिली मुलाखत, दुपारी चारला, बायोडेटा टाइप करून न्यायचा. ताई सकाळी थाटात बसली. वर्ड शोधतेय, शोधतेय... नाहीच! पार रडकुंडीला आली. मी सायकल काढली आणि सुसाट काकूंकडे.

तिकडे लोडशेडिंग. काकू दारात मटार सोलत बसलेल्या. ऐकलं आणि म्हणाल्या, "प्रोफेशनल हवं होतं ना बाईसाहेबांना!" पण तेवढ्यात गाऊनवर ओढणी टाकून मोपेड चालूसुद्धा केली होती. घरी येऊन ताईला म्हणाल्या, "रडू नकोस. बिल्डर ओट्यावर एक कढई ठेवून जातो. वर्डपॅड. तेवढ्यात भागव."

भागलं! शेजारच्या प्रिंटरवर कागद निघाला आणि ताई वेळेत पोहोचली.

साहेबांनी विचारलं, "घरी कॉम्प्युटर आहे?"

"हो सर, प्रोफेशनल."

"म्हणजे वर्ड, एक्सेल आहेच."

ताई म्हणते, तेव्हा 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण निघालं भलतंच. "नाही सर. तो नुसता ओटा. भांडी वेगळी असतात. मला ती वापरता येतात, फक्त घरी नाहीत."

साहेब इतके हसले की चहा सांडला. "अहो, हेच मी वर्षभर आमच्या लोकांना सांगतोय!" नोकरी पक्की. पेढे घेऊन गेलो तर काकूंचा पहिला प्रश्न, "कारखान्यात भांडी नवी आहेत ना गं?"

आता क्लास बंद झालाय. काकू देवळाली कॅम्पला मुलाकडे राहतात. मगाशी फोन केला, "काकू, मी लॅपटॉप घेतला!"

"आणि भांडी?"

"ती पण घेतली!"

"मग आता घासायला शीक," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

खरं सांगा, तुम्हीसुद्धा कधी मोठ्या नावाला भुलून रिकामा ओटा घरी आणलाय की नाही?