अण्णांचं कौतुक

वडगावात हातमागावर लुगडी विणणाऱ्या अण्णांच्या तोंडून आम्ही कधी कुणाचं कौतुक ऐकलं नव्हतं. कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांना मागं टाकणारा आमच्या गल्लीचा सायकलपटू काकतीच्या वळणावर पडला, पाय मोडून वर्षभर घरी बसला आणि पुन्हा शर्यतीत उतरायचं म्हणाला. चहाच्या दुकानात रोज वाद पेटायचा. आम्ही म्हणायचो, जिंकणार. अण्णा बशीत फुंकर घालत म्हणायचे, "कशाचा जिंकतोय रं! पाय न्हाय त्यो, वाळकं लाकूड हाय."

शर्यतीच्या सकाळी मात्र ते थेट निपाणीच्या स्पर्धकासमोर जाऊन उभे राहिले. पापणी न हलवता त्याच्या पायांकडं बघत म्हणाले, "काय मांड्या! काय दम! लई भारी गडी." आमचं डोकंच फिरलं.

निपाणीकराची चेन वाटेतच तुटली. आमचा गडी जिंकला.

"अण्णा, तुम्ही तर फितूर झालासा," मी म्हणालो.

"मग काय आपल्याच पोराला दृष्ट लावू व्हय रं?" अण्णा गालात हसले. मग मला नीट न्याहाळत म्हणाले, "तुझी तब्येत लई झ्याक झालीया की!"

घरी पोचताच मी आईला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला लावल्या.